घटक कोणता, शेजारी कोण

खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. बेळगावकडच्या सीमाभागातल्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला राज्यांची हद्द कशी आखावी याची ही चतुःसूत्री तोंडपाठ असते. आधी ठेका बसतो, अर्थ मागाहून येतो. सभेत ऐकलेली, पत्रकात वाचलेली, लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी काढलेली. तिच्यातल्या पहिल्या दोन सूत्रांचा अर्थ मला नीट उमगला तो मात्र कॉम्प्युटरवर एक खेळ लिहिताना.

खेळ साधा आहे. पाळीपाळीनं चाली करायच्या, गावं राखायची, धान्य साठवायचं, बाजारपेठा रस्त्यांनी जोडायच्या. नकाशा आपल्याच मुलखाचा: पश्चिमेला खानापूरचं जंगल, पूर्वेला अथणीकडचं कोरडं रान, मधे कृष्णेकडे निघालेल्या नद्या. राज्यांची नावं काल्पनिक ठेवली आहेत. तेवढा शहाणपणा इथं राहून येतोच.

असा खेळ करायचा म्हटलं की बघणारे आधी विचारतात, चित्रं कोण काढणार. चित्रं नंतर कुणीही काढतं. खरा प्रश्न पहिल्याच ओळीत येतो: एक टाइल, म्हणजे पटावरचं एक घर, जमिनीवर किती? आपल्याकडे तर टाइल तयारच आहे. गुंठा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, असे ४० मिळून एकर. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणजे गुंठा हा सरळसरळ एका साखळीचा चौकोन. मोह होतो. पण बेळगाव जिल्ह्याचं क्षेत्र १३,४१५ चौरस किलोमीटर. एका चौरस किलोमीटरला साधारण ९,८८४ गुंठे बसतात. गुणाकार केला की सव्वातेरा कोटी टाइल होतात आणि खेळाडूचं घोडदळ हिंडलग्यातून जवळच्या सुळग्याला पोचेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी संपते. शेवटी एक चौरस किलोमीटरचं एक घर धरलं. तेरा-साडेतेरा हजार घरं. एवढं आजचा मोबाइल चुटकीसरशी पेलतो.

पण घराचा आकार ठरला म्हणून घटक ठरला असं होत नाही, आणि इथं मला ती चतुःसूत्री आठवली. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगावबद्दलचं कलम वाचून बघा. तिथं म्हटलंय ते असं: चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा नव्या म्हैसूर राज्यात. विजापूर, धारवाड आणि कानडा (म्हणजे कारवारचा) हे जिल्हे पूर्ण. म्हणजे कात्री चालली ती जिल्ह्याच्या रेघेवरून, आणि एका ठिकाणी तालुक्याच्या. पुढं आंध्र आणि मद्रास यांच्या हद्दीचा वाद सोडवताना मध्यस्थ म्हणून नेमलेल्या ह. वि. पाटसकरांनी खेडं हा घटक धरला, १९५९ साली त्यावरून कायदाही झाला, आणि तेव्हापासून आमच्याकडे त्या निवाड्याचा दाखला देतात. जमीन तीच, माणसं तीच, शिरगणतीचे आकडे तेच. जिल्हा घटक धरा, एक नकाशा येतो. तालुका धरा, दुसरा. खेडं धरा, तिसरा. मतदान, मोजणी, वाद हे सगळं नंतरचं. घटक ठरवणाऱ्यानं अर्धा निकाल आधीच लिहिलेला असतो, आणि खेळात तो मी असतो, ही गोष्ट मला थोडी अस्वस्थ करणारी वाटली.

म्हणून कोडमध्ये घर आणि गाव वेगळे काढले. घराला फक्त जागा, जमिनीचा प्रकार आणि गावाचा नंबर. मालकी घराला नाही. मालकी गावाला. गाव जिंकलं की त्याची सगळी घरं एकदम फिरतात, गावाच्या खालच्या पातळीवर तुकडे पडत नाहीत. बरेच खेळ प्रत्येक घराला मालक चिकटवतात आणि मग नकाशावर त्वचेवरच्या कोडासारखे डाग पडत जातात. मला ते नको होतं. आणखी एक: गावाची ओळख नंबरानं, नावानं नाही. नाव हे नुसतं लेबल, वाटेल तेव्हा बदलता येणारं. १ नोव्हेंबर २०१४ ला आमच्या बेळगाव शहराचं सरकारी नाव बदललं तेव्हा कितीतरी याद्यांमध्ये एकाच शहराच्या दोन नोंदी झाल्या होत्या. जो डेटाबेस नावालाच किल्ली धरतो त्याचं असंच होतं.

आता दुसरं सूत्र. सलगता.

चौकोनी टाइलला शेजारी किती? कुणी चार म्हणेल, कुणी आठ. चार धरले तर ईशान्येला जायला आधी उत्तर मग पूर्व असा जिना चढावा लागतो. सरळ रेषेत १.४१ घरांचं अंतर, पावलं दोन. आठ धरले तर उलटं: तिरकं जाणारा एका पावलात १.४१ घरं तोडतो आणि सगळे खेळाडू उंटासारखे तिरपेच चालायला लागतात. हे अंतराचं झालं. त्यावर तिरक्या पावलाला जास्त खर्च लावून मार्ग निघतो. सलगतेचा घोळ मात्र खर्चानं सुटत नाही. चार शेतं एका कोपऱ्यात भेटली आहेत. समोरासमोरची दोन तुमची, उरलेली दोन शेजाऱ्याची. तुमची दोन एकमेकांना लागून आहेत का? हो म्हणाल तर शेजाऱ्याचीही लागून आहेत, म्हणजे दोघांच्या वाटा एकाच बिंदूतून एकमेकींना छेदून गेल्या. मग तटबंदीला अर्थ राहत नाही, कोपऱ्याच्या फटीतून सैन्य घुसतं. नाही म्हणाल तर दोघांचंही रान तुटलं आणि मधे अडवणारा कुणीच नाही. गावाकडे अशा कोपऱ्यावरून जाण्यायेण्याच्या वाटेसाठी पिढ्यान्‌पिढ्या तारखा चालतात, त्या उगीच नाहीत.

षटकोनात हा प्रश्न उद्भवतच नाही. कुठल्याही कोपऱ्यावर तीनच घरं भेटतात आणि ती तिन्ही एकमेकांना कडेनं लागून असतात. नुसता कोपरा टेकलाय, कड नाही, असे शेजारी नाहीतच. सलग म्हणजे सलग. अंतरही बरंच खरं निघतं. पूर्ण नव्हे, कारण कोपऱ्याच्या दिशेनं गेलं की दोन पावलांत १.७३ घरंच तुटतात, पण चौकोनाच्या मानानं हा अन्याय सोसण्यासारखा. सिव्हिलायझेशन हा गाजलेला खेळ १९९१ साली चौकोनांवर निघाला आणि २०१० साली त्याच्या पाचव्या आवृत्तीत षटकोनांवर आला. मी तर कोपऱ्याच्या एकाच कारणासाठी षटकोन घेतला असता.

षटकोनाला पत्ता द्यायचा तर दोन पद्धती. पहिली सोपी दिसते: रांग आणि स्तंभ, फक्त एक सोडून एक रांग अर्धं घर उजवीकडे सरकवायची. साठवायला उत्तम, कारण नकाशा आयताकृती राहतो आणि रांग गुणिले रुंदी अधिक स्तंभ केलं की एका लांब यादीत घर सापडतं. पण शेजारी शोधताना सम रांगेचे नियम वेगळे, विषम रांगेचे वेगळे, आणि अंतराचं सूत्र तर बघवत नाही. दुसरी पद्धत म्हणजे एकमेकांशी साठ अंशांत तिरपे दोन अक्ष, आणि त्यातून निघणारा तिसरा, असा की तिन्हींची बेरीज कायम शून्य. मग सहा दिशा म्हणजे सहा ठरलेल्या जोड्या, रांग कुठलीही असो. अंतर काढायला तिन्ही अक्षांवरचे फरक घ्यायचे, चिन्हं टाकायची, बेरीज निम्मी करायची. संपलं. खेळाडूनं पडद्यावर बोट ठेवलं तर ते कुठल्या घरात पडलं हेही इथंच सुटतं: तिन्ही आकडे अपूर्णांकात येतात, तिन्ही जवळच्या पूर्णांकावर न्यायचे, बेरीज शून्य राहिली नाही तर ज्याला जास्त ओढाताण झाली तो आकडा सोडून द्यायचा आणि उरलेल्या दोघांवरून पुन्हा काढायचा. इतकं देखणं गणित रोजच्या कामात क्वचित भेटतं.

मी दोन्ही ठेवल्या. फाइलमध्ये साठवताना रांग-स्तंभ, हिशेब करताना तिरपे अक्ष, आणि तिसरी भाषा पडद्यावरच्या पिक्सेलची. तिन्हींना कोडमध्ये वेगवेगळे प्रकार दिले, म्हणजे पिक्सेलचा आकडा घराच्या जागी टाकला तर कंपायलरच (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) हरकत घेतो. रूपांतर एका फाइलमध्ये, बाकी कुठं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यासारखं: इकडून तिकडे जायचं तर तिथूनच, आडवाटेनं नाही. (आडवाटा असतात हे कोगनोळीच्या माणसाला सांगायला नको.)

पत्त्यांचं शून्य कुठं ठेवायचं यावर मात्र भावना आड आल्या. प्रत्येकाला वाटतं शून्य आपल्या गावात असावं. मी ते बेळगावच्या किल्ल्यावर धरलं होतं, फार समाधान वाटलं. पण मधोमध शून्य म्हणजे पश्चिमेचे सगळे आकडे उणे, आणि उण्यांचा भागाकार भाषेभाषेत बदलतो. नकाशाचे १६ बाय १६ चे गठ्ठे केले की सी किंवा जावामध्ये उणे एक भागिले सोळा म्हणजे शून्य. त्यामुळे उणे पंधरापासून अधिक पंधरापर्यंतची एकतीस घरं एकाच गठ्ठ्यात कोंबली जातात आणि शून्याचा गठ्ठा जवळपास दुप्पट फुगतो. पायथॉन खालच्या पूर्णांकाकडे जातो, त्याला हा त्रास नाही. सोपा इलाज म्हणजे शून्य वायव्येच्या कोपऱ्यात नेऊन ठेवणं, जिथं कुणाचंच गाव नाही. किल्ल्याला मग इतर घरांसारखाच एक पत्ता मिळाला.

गठ्ठ्यांची ही कल्पना नवी नाही, हे आमच्या काकांनी दाखवलं. त्यांनी उभी हयात मोजणीत घालवली, साखळीपासून जीपीएसपर्यंत सगळं हाताळलं. त्यांच्याकडे जुन्या टोपोशीटांची, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशापानांची, गुंडाळी आहे. आमच्या भागाचा नंबर ४८ आय. तो वाचायची रीत मला फार आवडली. चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन म्हणजे ४८. त्याचे सोळा भाग, ए पासून पी पर्यंत, एक-एक अंशाचे. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, एक ते सोळा, पंधरा कलांचे (साठ कला म्हणजे एक अंश). दर पायरीला चार बाय चार. प्रोग्रामरनं ठरवलं असतं तरी याहून नेटकं झालं नसतं. क्रम मात्र आपल्या सवयीच्या आडवा: ए, बी, सी, डी वरून खाली उतरतात आणि मग ई पूर्वेच्या पुढच्या उभ्या रांगेत जातो. पणजीकडचा भाग ४८ ई, आमचा ४८ आय, तो त्यामुळे. निपाणी १६ अंश अक्षांशाच्या वर, म्हणून ती थेट दुसऱ्या मोठ्या चौकोनात, ४७ एलमध्ये, कोल्हापूरच्या पंक्तीला. बेळगाव शहर तर ७४ अंश ३० कला या रेखांशावरच पसरलंय, म्हणजे आय/५ आणि आय/९ या दोन पानांच्या जोडावर. आख्खं शहर बघायचं तर दोन पानं शेजारी मांडा. ही पानं चौरस दिसतात तशी नसतातही. आपल्या अक्षांशावर एक पान साधारण २७.७ किलोमीटर उंच आणि २६.८ किलोमीटर रुंद. आणि अक्षांश वर वाढतो, पडद्याचा उभा अक्ष खाली. पहिल्यांदा नकाशा उतरवला की अथणी खाली आणि खानापूर वर असं उलटं जग दिसतं.

काका एकदा मागून येऊन पडद्याकडे बघत उभे राहिले.

“काय करायलास रे?”

“खेळाचा नकाशा, काका. ही घरं.”

“सहा कडांची शेतं कुठं बघितलास?”

“शेतं नव्हेत हो. नुसती मोजायची सोय.”

“असू दे की. मग बांध कुणाच्या हिश्शात धरतोस?”

काकांनी सहज विचारलं, पण टाइलच्या खेळाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग त्यात आला. बांध घरात नसतो. बांध दोन घरांच्या मधे असतो. नदी, तट, शीव, सगळं मधलं. बरेच खेळ नदीला एक आख्खं घर देऊन मोकळे होतात आणि मग आमची मार्कंडेय एक किलोमीटर रुंद होऊन बसते. कडांना स्वतःचा पत्ता हवा. पण एक कड दोन घरांची; दोघांकडे नोंदली तर आज ना उद्या दोन नोंदींत फरक पडणार. उताऱ्यावर दोन भावांनी एकच बांध आपापल्या हिश्शात दाखवावा तसा प्रकार. म्हणून नियम: प्रत्येक घराच्या वहीत सहापैकी तीनच कडा, म्हणजे पूर्वेची, ईशान्येची आणि वायव्येची. उरलेल्या तीन शेजाऱ्यांच्या वहीत. कुठलीही कड विचारा, उत्तर एकाच जागी सापडतं. तेरा-साडेतेरा हजार घरांना चाळीस हजारांच्या आसपास कडा होतात.

काकांना हे पटलं नाही. बांधाला रुंदी असते, त्यांचं म्हणणं. गणितातल्या रेघेला नसते, पण बांधावर बोरी-बाभळी असतात, गवत निघतं, आणि दरसाल नांगराच्या एका तासानं तो कोरला जातो. दहा वर्षांत दोन हात जमीन पलीकडे गेलेली असते आणि रेघ मात्र नकाशावर होती तिथंच. त्यांनी मिटवलेले आणि न मिटलेले असे अनेक बांध त्यांना आठवतात. माझ्या खेळात बांध कोरता येत नाही. खरं तर यायला हवा; फार स्थानिक आणि फार दुष्ट असा डावपेच होईल तो.

नद्यांनी आणखी एक पायरी खाली नेलं. पाणी कडेकडेनं वाहतं म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाहतं, तेव्हा उंची घराला देऊन भागत नाही, कोपऱ्याला द्यावी लागते. देवळाच्या फरशीवर कोरलेला वाघ-शेळीचा पट बघितला असेल तर त्यात सोंगट्या घरात नसतात, रेघा मिळतात तिथं असतात. तसंच हे. प्रत्येक कोपऱ्यावर तीन कडा. पाणी एकीतून आलं की पुढं दोनच वाटा, जिकडचा कोपरा खाली तिकडं जायचं. एवढ्या साध्या नियमावर खानापूर तालुक्याचा चमत्कार आपोआप उतरतो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेला आणि तिच्यासोबत बंगालच्या उपसागराला जाते, आणि त्याच तालुक्यातली म्हादई गोव्यात उतरून अरबी समुद्राला. दोन कोपऱ्यांच्या उंचीत थोडा फरक, आणि पाणी दोन वेगळ्या समुद्रांना. उंचीचे आकडे किंचित हलवले तर पडद्यावर मलप्रभा गोव्याला पळते. या पाण्यावरून किती वर्षं भांडण चाललंय ते आठवून मी तो आकडा लगेच जागेवर आणला.

वाटा शोधायला तीच जुनी रीत, १९६८ साली मांडलेली ए-स्टार. तिच्यात सांगण्यासारखं इतकंच की खर्च घरावर आणि कडेवर दोन्हीकडे लावावा: जंगलात शिरायचा घराचा, नदी ओलांडायचा कडेचा.

मोजमापाचंही एक. आमच्याकडच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठा-आण्यात. बाची सोडून शिनोळीत पाऊल टाकलं की महाराष्ट्र, आणि तिथल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १०० चौरस मीटर, म्हणून दोन्हीकडचे लोक बोलताना ते एकच धरतात आणि चालूनही जातं. पण गुंठे चाळिसाला वरचा हातचा देतात आणि आर शंभराला. खेळात मी क्षेत्र नुसत्या पूर्णांकात, सगळ्यात लहान मापात साठवतो आणि दाखवताना खेळाडू ज्या बाजूचा असेल त्या बाजूचं माप दाखवतो. दोघांना एकच शेत, दोन आकडे.

राहिली ती रेघ, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे असं बघणाऱ्याला वाटतं. राज्याची सीमा. ती मी कुठंच साठवलेली नाही. प्रत्येक कडेच्या दोन्ही बाजूंची गावं बघायची. मालक वेगळे असतील तर त्या कडेवर रेघ ओढायची. गाव फिरलं की रेघ फिरते. सलगताही तशीच, मागेल तेव्हा काढायची: राजधानीपासून सुरुवात करून शेजारी, शेजाऱ्याचे शेजारी, असं पसरत जायचं आणि जी गावं हाती लागली नाहीत ती तुटलेली. तुटलेल्या गावाचं धान्य बाजाराला पोचत नाही, तिथली माणसं हळूहळू दुसऱ्या बाजूच्या बाजारात जायला लागतात. चंदगडचा माणूस बेळगावच्या बाजारात येतो तसा. रेघ एकीकडे, बाजार दुसरीकडे. हा नियम घालायला मला कुणाला विचारावं लागलं नाही.

सध्या पुलापाशी अडलोय. कागल आणि कोगनोळीच्या मधे दूधगंगा, नदी कडेवर, सीमाही त्याच कडेवर, आणि तिला आडवा छेदून जाणारा रस्ता. रस्ता घराच्या मध्यापासून पुढच्या घराच्या मध्यापर्यंत जातो, म्हणजे पूल त्या कडेच्या वहीत नोंदवायला हवा, आणि माझ्या नियमानं ती वही एकाच बाजूच्या गावाकडे आहे. पूल तोडायचा हक्क कुणाला, दुरुस्तीचा खर्च कुणाच्या खात्यातून, हे कोडनं विचारायला सुरुवात केली आहे. काकांचं मत, दोघांच्याही. मी अजून पूल काढून टाकून होडी ठेवायचा विचार करतोय.